आपल्या तालमीच्या फुटबॉल कमिटीला खुलं पत्र : रविवारच्या मॅचला गुडघा गेलेल्या नऊ नंबरला उतरवू नका

अध्यक्ष अण्णा, सेक्रेटरी, मॅनेजर, कोच सर आणि कमिटीतल्या सगळ्या मंडळींना सप्रेम नमस्कार.

पहिल्यांदा चौकातला तो फ्लेक्स काढा. परवा रात्री दुकान बंद करून घरी जाताना बघितला आणि गाडी बाजूला लावून तिथंच उभारलो. वर तालमीचं चिन्ह, मधी आपल्या नऊ नंबरच्या, म्हणजे स्ट्रायकर पोराचा हवेत उडून हेडर मारतानाचा फोटो, आणि खाली एवढ्या मोठ्या अक्षरात 'वाघ परत येतोय, रविवारी दुपारी चार'. ज्या पोराला आज घराच्या जिन्याच्या सात पायऱ्या उतरताना एका हातानं भिंत आणि दुसऱ्या हातानं आईचा खांदा धरावा लागतो, त्याला विचारून लावलाय का हा फ्लेक्स? मी विचारलं त्याला. नाही म्हणाला. त्यालाही तो व्हॉट्सॲपवरच कळला.

हे सगळं तालमीत येऊन तोंडावर बोलता आलं असतं, आणि मी बोललोही. गुरुवारी मीटिंगला आलो, दाराशी उभं राहून चार वाक्यं बोललो, 'बघू, डॉक्टरांशी बोलतो' असं उत्तर मिळालं आणि दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला. म्हणून आता सगळ्यांच्या देखत लिहितोय. तालमीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पोराचंही लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आणि बाकीच्या पेठांतल्या कुणी वाचलं तर त्यांनी आपापल्या टीमकडं एकदा बघावं, कारण असं एक तरी पोरगं प्रत्येक टीममध्ये आहे.

मी बाहेरचा माणूस नाही. 1994 पासून 2001 पर्यंत डाव्या विंगला आपलाच शर्ट घालून खेळलोय. 2001 ला एका नॉकआउट स्पर्धेच्या क्वार्टर फायनलला माझा उजवा गुडघा गेला. तवा आमच्यात एमआरआय वगैरे कुणी काढत नव्हतं, घरी लेप लावला, वरून क्रेप बँडेज बांधलं आणि सेमी फायनलच्या आधी एक इंजेक्शन घेतलं. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती, हे खरं आहे, फक्त शर्ट वाटताना सगळे माझ्याकडं बघत होते. मी उतरलो. पहिला हाफ पूर्ण खेळलो आणि काही म्हणजे काही दुखलं नाही, तेच वाईट होतं, कारण दुखलं असतं तर थांबलो असतो. दुसऱ्या हाफमध्ये बॉल घेऊन आत वळलो आणि मांडी एकीकडं, नडगी दुसरीकडं. ती सेमी आपण हरलो. त्यानंतर मी कधी खेळलो नाही. आज माझं वय 49 आहे, तालमीच्या महाप्रसादाला मला पंगतीत मांडी घालून बसता येत नाही, तुम्हीच माझ्यासाठी भिंतीकडंला खुर्ची ठेवता. अण्णा, ती खुर्ची दरवर्षी तुम्ही स्वतः आणून ठेवता, ही तुमची माया मला माहीत आहे. त्या मायेच्या जोरावरच लिहितोय. अजून एका खुर्चीची सोय करू नका.

आणि मला प्रमोशन नको आहे असं कुणीही म्हणू नये. आपण खालच्या डिव्हिजनमध्ये गेलो त्याला आता नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत पेठेतली पोरं मोठी होऊन पुण्याला गेली, लग्नं झाली, त्यांच्या पोरांनी आपल्याला कधी वर खेळताना बघितलंच नाही. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलच्या टीम काढल्या, लाल मातीत घुमणारी पोरं संध्याकाळी बॉलमागं पळाली, आणि शाहू स्टेडियममध्ये भर उन्हात पायऱ्या भरायला लागल्या. वर्ल्ड कप आला की निम्म्या शहरात ब्राझीलचे झेंडे आणि निम्म्यात अर्जेंटिनाचे, मेस्सी-नेमारचे इमारतीएवढे कटआउट. इथनंच अनिकेत जाधव 2017 ला 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला आणि पुढं आयएसएलला, म्हणजे इंडियन सुपर लीगला गेला, इथनंच निखिल कदम कोलकात्याच्या मोहन बागानपर्यंत पोचला. अशा गावात खालच्या डिव्हिजनमध्ये नऊ वर्षं काढणं काय असतं ते मला विचारा. या वर्षी पहिल्यांदा वर जायची वेळ आली, तीन मॅच राहिल्यात, सात पॉइंट पाहिजेत, आणि नेमका आपल्या निम्म्याहून जास्त गोलांचा मालक घरी पाय उशीवर ठेवून बसलाय. मला रात्री झोप लागत नाही. तुमच्याइतकंच मलाही वर जायचंय.

पण जे झालं ते कसं झालं ते आधी नीट सांगतो, कारण आता पेठेत तीन-चार वेगवेगळ्या कहाण्या फिरायला लागल्यात. कुणी म्हणतं दुसऱ्या टीमच्या माणसानं मारलं, कुणी म्हणतं पोरगं रात्री जागत होतं.

मी तिथं होतो. मंगळवारची सकाळ, पावणेसात, सराव चालू होता, आपलीच पोरं आपल्यातच खेळत होती. मी दुकान उघडायच्या आधी रोज जातो तसा गेलो होतो. पोरानं उजवीकडनं आलेला बॉल छातीवर घेतला, डावा पाय रोवला आणि आत वळला. त्याच्या जवळ कुणीही नव्हतं, सगळ्यात जवळचा डिफेंडर तीन-चार पावलांवर होता. मी लाइनच्या बाहेर उभा होतो आणि मला 'कट्ट' असा आवाज ऐकू आला, वाळलेली फांदी मोडावी तसा. पोरगं ओरडलंही नाही, दोन्ही हातानं गुडघा धरून नुसतं खाली बसलं आणि कोच सरांकडं बघून म्हणालं, सर, काहीतरी तुटलं.

डावा पाय जिथं रोवला होता ती जागा मी नंतर जाऊन बघितली. वरनं सपाट दिसत होती, हात घातला तर मनगटापर्यंत आत गेला. मागच्या महिन्यात त्या मैदानावर आपल्याच कार्यक्रमाचा मांडव पडला होता, त्याच्या खांबाचा खड्डा. खांब काढले आणि खड्ड्यात भुसभुशीत मुरूम ढकलून वरनं पायानं दाबला, झालं. असे अजून अकरा खड्डे मी त्या दिवशी मोजले. सात अजून तसेच आहेत, चार मी आणि माझ्या दुकानातल्या पोरानं भरले.

बर्फ नव्हता. समोरच्या सोडा-लिंबूवाल्याची गाडी अजून लागायची होती, त्याच्या घरी पोरगं पळवलं, त्यानं झोपेतनं उठून पिशवीभर बर्फ दिला. स्ट्रेचर नव्हतं, म्हणून मागच्या वर्षीच्या विजयी मिरवणुकीचा फ्लेक्स गुंडाळून ठेवला होता त्यावर उचलला. आणि दवाखान्यात कसा नेला, तर स्कूटरवर, मधी बसवून, मागच्यानं त्याचा पाय दोन्ही हातांनी आडवा धरलेला. प्रत्येक स्पीड ब्रेकरला तो 'हळू, हळू' म्हणत होता. आपण स्वतःला फुटबॉलची पेठ म्हणवतो.

तासाभरात गुडघा नारळाएवढा झाला. डॉक्टर तेव्हाच म्हणाले की एवढ्या लवकर सूज म्हणजे आत रक्त साठलंय, लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारी आतली दोरी, गेलं असण्याची शक्यता जास्त, एमआरआय करा. तो एमआरआय नऊ दिवसांनी झाला. का, तर पैसे कुणी भरायचे हे ठरत नव्हतं. शेवटी त्याच्या चुलत्यानं भरले. रिपोर्ट आला तो तुम्ही सगळ्यांनी बघितलाय, एसीएल नावाचं लिगामेंट पूर्ण तुटलंय, आतल्या बाजूची, दोन हाडांमधली गादीही फाटलीय. डॉक्टरांनी सांगितलं ऑपरेशन आणि त्यानंतर मैदानावर यायला कमीत कमी नऊ महिने.

हे ऐकून कमिटीचं मत काय झालं? 'पळतोय की तो!'

तो व्हिडिओ मीही बघितला. सूज उतरल्यावर तुम्ही त्याला मैदानावर बोलावलं, तो या गोलपासून त्या गोलपर्यंत हळूहळू पळत गेला, टाळ्या पडल्या, व्हिडिओ ग्रुपवर आला आणि पेठ पेटली. इथंच सगळी फसगत आहे, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. एसीएल हे गुडघ्याच्या आत मधोमध असलेलं लिगामेंट. मांडीच्या हाडाखालनं नडगी पुढं सरकू नये आणि वळताना फिरू नये म्हणून ते असतं. सरळ पळताना त्याच्यावर फार जोर येत नाही. त्यामुळं ते तुटलेला माणूस दोन-तीन आठवड्यांनी चालतो, जिना चढतो, सरळ रेषेत पळतोही, आणि त्याला स्वतःलाच वाटायला लागतं की झालं बरं. खरी परीक्षा थांबण्यात आणि वळण्यात आहे. आणि स्ट्रायकर म्हणजे काय हो, थांबणं आणि वळणंच की! पाठीवर डिफेंडर घेऊन वळणं, फसवून आत येणं, उडी मारून एका पायावर उतरणं. त्यातल्या पहिल्याच वळणाला गुडघा निसटणार, आणि निसटताना मधल्या गादीला चिरडत जाणार. आज त्या गादीला टाका घालता येईल असं डॉक्टर म्हणतात. अजून दोनदा गुडघा निसटला तर टाका घालायला काही राहणार नाही, मग ती कापून काढायची, आणि गादी काढलेल्या गुडघ्यात हाडावर हाड घासायला लागतं. चाळिशीच्या आत म्हातारपणाचा गुडघा. इंजेक्शन यातलं काहीही थांबवत नाही, ते फक्त दुखणं बंद करतं, म्हणजे घराला आग लागलीय आणि आपण ओरडणाऱ्याचं तोंड दाबतोय. नीकॅपचंही तेच, ती बाहेरनं दाब देते, आत तुटलेली दोरी ती धरू शकत नाही.

माझं ऐकू नका, मी दुकानदार माणूस. पण रोनाल्डोचं तर ऐकाल? आपल्या पेठेत ज्याचं चित्र भिंतीवर काढलं होतं तो ब्राझीलचा. नोव्हेंबर 1999 मध्ये इंटर मिलानकडून खेळताना त्याच्या गुडघ्याच्या वाटीखालचं टेंडन गेलं, ऑपरेशन झालं, आणि 12 एप्रिल 2000 ला रोममध्ये लाझिओविरुद्ध इटलीतल्या कपच्या फायनलला त्याला बदली म्हणून उतरवलं. सहा-सात मिनिटं. बॉल घेऊन पाय फिरवायला गेला आणि कुणी हातही न लावता तोच गुडघा पुरता गेला. ज्यांनी ते फुटेज बघितलंय त्यांना त्याचं ओरडणं विसरता येणार नाही. पुढचा अख्खा सीझन गेला. मग थांबला, नीट बरा झाला, आणि 2002 च्या वर्ल्ड कपला आठ गोल, फायनलला जर्मनीविरुद्ध दोन्ही गोल त्याचे. थांबल्यावर काय मिळालं आणि घाई केल्यावर काय मिळालं, एकाच माणसाच्या एकाच पायावर दोन्ही दिसतं. आणि त्याच्याकडं जगातले सगळ्यात भारी डॉक्टर होते, आपल्याकडं स्कूटर आहे.

दुसरं उदाहरण तर अगदी आपल्या रविवारचंच. 24 मे 2014, लिस्बन, चॅम्पियन्स लीगची फायनल, ॲटलेटिको माद्रिद विरुद्ध रिअल. ॲटलेटिकोचा दिएगो कोस्टा आठवड्यापूर्वी मांडीच्या दुखापतीनं बाहेर गेलेला. पण फायनल होती, तोच गोल मारणारा होता, म्हणून खास उपचार करून त्याला पहिल्या अकरात उतरवला. नवव्या मिनिटाला बाहेर. म्हणजे एक बदली तिथंच जळाली. ॲटलेटिको 93 व्या मिनिटापर्यंत 1-0 नं पुढं होती, मग रिअलच्या रामोसनं हेडरनं बरोबरी केली, आणि एक्स्ट्रा टाइमला ॲटलेटिकोची पोरं लंगडत होती पण बदली शिल्लक नव्हती. 4-1 हरले. कोच सर, तुम्ही भावनेच्या पलीकडं जाऊन नुसता खेळाचा हिशोब केला तरी हाच धडा आहे. अर्धा स्ट्रायकर उतरवला की अकराही नाही आणि बदलीही नाही.

आणि प्रमोशनचंच बोलायचं तर वेल्सच्या रेक्सहॅमचं बघा. जुलै 2023 मध्ये अमेरिकेत मँचेस्टर युनायटेडविरुद्ध सरावाच्या मॅचमध्ये गोलकीपरची धडक बसून त्यांच्या पॉल मलिनच्या फुप्फुसाला भोक पडलं. त्यांचा सगळ्यात मोठा गोल मारणारा. सीझन तोंडावर होता. त्यांनी त्याला थांबवलं, दुसऱ्यांना खेळवलं, एक अनुभवी स्ट्रायकर जोडीला आणला. मलिन नीट बरा होऊन आला, त्या सीझनला लीगमध्ये 24 गोल मारले आणि रेक्सहॅम वर गेली.

आपल्याकडं बेंचवर स्ट्रायकर आहे का? आहे. अठरा वर्षांचं पोरगं, दहावीपासून आपल्याकडं सराव करतंय, एकदाही सकाळ चुकवली नाही. या सीझनला त्याला किती मिनिटं दिली? सगळी मिळून एक हाफसुद्धा नाही. चार गोलनी पुढं असताना सुद्धा आपण नऊ नंबरला शेवटपर्यंत ठेवलं, कारण लोकांना त्याची हॅट्ट्रिक बघायची होती. मीही त्यात होतो, पायऱ्यांवरनं मीही ओरडत होतो. आज त्या पोराला रविवारी उतरवायला तुम्हाला भीती वाटतेय, पण ती भीती आपणच सीझनभर शिजवलीय.

माझ्या तक्रारी मी वर बोलता बोलता सांगितल्याच. खड्डे. बर्फ. स्ट्रेचर. नऊ दिवस थांबलेला एमआरआय. पण सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. त्या पोराच्या घरी कमिटीतलं कोण कोण गेलं? मॅनेजर एकदा गेले, तेही रविवारचं विचारायला. पोरगं पहाटे साडेतीनला दुधाच्या टेम्पोवर जायचं, क्रेट चढवायचं, मग तसंच सरावाला यायचं हे तुम्हाला माहीत आहे. आता टेम्पोवर दुसरा माणूस लागला. घरात आई धुण्याभांड्याची कामं करते, बहीण बारावीला आहे. मी गेलो तेव्हा पोरगं खाटेवर बसून मोबाईलवर आपल्या ग्रुपचे मेसेज वाचत होतं. 'एक इंजेक्शन मारा आणि उतरवा.' 'पेठेसाठी एवढं पण करणार नाही?' 'पैसे दुसऱ्या तालमीचे घेतले असतील.' हे शेवटचं वाचून दाखवताना त्याचा आवाज गेला. मला म्हणालं, मामा, मी खेळतो, पण हे बंद करायला सांगा.

बावीस वर्षांचं पोरगं पाय पणाला लावायला तयार आहे, का, तर कुणी त्याला गद्दार म्हणू नये म्हणून. याला तुम्ही 'तो स्वतःच तयार आहे' म्हणता. 2001 ला मीही स्वतःच तयार होतो.

पायऱ्यांवरच्या माझ्या भावांनो, हे तुम्हालाही आहे. पहिल्या रात्री मीही ग्रुपवर लिहिलं होतं की काही करा पण शेवटच्या मॅचला तो पाहिजे. ते लिहिलं ही माझी चूक होती, मी त्याच्या घरी जाऊन त्याच्यासमोर कबूल केली. तुमच्यातल्या ज्यांनी त्याला काहीबाही लिहिलंय त्यांनी ते आज काढून टाका, आणि जमलं तर जाऊन त्याला भेटा, खेळाविषयी न बोलता बसा अर्धा तास. दुसऱ्या पेठेतली पोरं त्याला भेटून गेली, नारळपाणी घेऊन गेली. मॅचला एकमेकांच्या अंगावर जाणारी ती पोरं, आणि आपण आपल्याच माणसाला छळतोय.

अजून एक. आपल्याला वाटतं गुडघाच गेलाय, जीव थोडाच गेलाय. 5 डिसेंबर 2004 ला बेंगळुरूत फेडरेशन कपची फायनल होती, गोव्याची डेम्पो आणि मोहन बागान. डेम्पोचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर, दोन्ही गोल त्याचेच, दुसरा गोल मारताना गोलकीपरशी धडक झाली आणि तो कोसळला, परत उठलाच नाही. देशातली एवढी मोठी फायनल, आणि मैदानावरच्या वैद्यकीय सोयीवर तेव्हा सगळीकडं प्रश्न उठले. डेम्पोनं त्याचा दहा नंबर कायमचा बंद केला. उलट जून 2021 मध्ये कोपनहेगनला डेन्मार्कचा एरिक्सन खेळताना हृदय बंद पडून कोसळला, तिथं शॉक द्यायचं मशीन आणि ते वापरणारी माणसं काही क्षणात पोचली, आणि तो नुसता वाचला नाही तर परत डेन्मार्ककडून खेळला. आपल्या सरावाला उद्या कुणी असं पडलं तर आपल्यातल्या एकाला तरी छाती कशी दाबायची ते येतं का? मला येत नाही. म्हणून मी शिकणार आहे. तुमच्यातले दोघं माझ्याबरोबर या.

आता मागण्या. यातली एकही अवघड नाही.

रविवारी आणि उरलेल्या दोन्ही मॅचला नऊ नंबर खेळणार नाही हे कमिटीनं आजच्या आज लिहून जाहीर करावं. त्याच्या तोंडून वदवून घेऊ नका, तो नाही म्हणू शकत नाही. कमिटीनं नाही म्हणायचं, म्हणजे जे काय बोलणी बसायची ती तुम्हाला बसतील, त्याला नाही. तुमचे खांदे त्यासाठीच आहेत.

ऑपरेशनचा आणि नंतरच्या फिजिओचा सगळा खर्च तालमीनं करावा. पैसे नाहीत हे मला सांगू नका. बाहेरचा खेळाडू आणायचा असला की रात्रीत पैसे उभे राहतात, मिरवणुकीच्या डॉल्बीला कधी पैसे कमी पडले नाहीत. या वर्षी वर गेलो तर डॉल्बी लावू नका, हलगी-घुमकं लावा, तेवढे पैसे पोराच्या पायात घाला. माझ्याकडनं पंचवीस हजार आजच देतो, पावती पोराच्या उपचाराच्या नावानं फाडा आणि हिशोब तालमीच्या बोर्डावर लावा. फिजिओ तर अजिबात अर्धवट सोडू नका. ऑपरेशन दोन तासांचं असतं, खरं काम पुढच्या नऊ महिन्यांचं आहे, आणि आपल्याकडची पोरं तिथंच फसतात. टाके निघाले, चालायला लागलं की झालं म्हणतात, मांडी वाळून काठी झालेली असते आणि तशीच मैदानात उतरतात.

तो कामावर परत जाईपर्यंत महिन्याला घरखर्चाची काहीतरी ठरलेली रक्कम द्या. किती ते त्याच्या आईला विचारून ठरवा.

पुढच्या सीझनच्या नोंदणीत त्याचं नाव आपल्याकडंच राहील, बरा झाला नाही तरी राहील, असा शब्द द्या. आज ज्याचा फोटो फ्लेक्सवर आहे त्याला डिसेंबरात 'आता काय उपयोग' म्हणून सोडून दिलेलं मी याआधी बघितलंय, तसं परत होऊ नये.

मैदानावरचे राहिलेले सात खड्डे या आठवड्यात भरा. भरताना पाणी मारून, धुमुस करून भरा. मी येतो.

सरावाला आणि मॅचला एक स्ट्रेचर, एक बर्फाची पेटी, आणि 108 ला फोन करायची जबाबदारी कुणाची ते नावानिशी ठरलेलं. स्ट्रेचर मी देतो, सांगून ठेवलंय. आणि कोच सर, तुम्हाला हात जोडून विनंती, सरावाआधी दोन चकरा मारून लगेच मॅच लावायचं बंद करा. फिफाचा 'इलेव्हन प्लस' नावाचा वॉर्मअप आहे, वीस मिनिटांचा, पंधरा व्यायाम, बॉल सोडून काही लागत नाही आणि फुकट बघायला मिळतो. उडी मारून कसं उतरायचं, वळताना गुडघा आत कसा पडू द्यायचा नाही, हेच त्यात शिकवतात. नियमित करणाऱ्या टीममध्ये दुखापती साधारण एक तृतीयांशानं कमी झालेल्या दिसल्यात. या खड्ड्यापुढं त्याचा उपयोग झाला असता की नाही सांगता येत नाही, पण बाकीची वीस पोरं अजून धड आहेत.

वर गेलो तर मी नाचेन, या गुडघ्यानं जेवढं जमेल तेवढं. नाही गेलो तर दहावं वर्ष खाली काढू, पायऱ्यांवर मी असेनच.

रविवारी साडेतीनला लाइनअपचा कागद रेफ्रीकडं जातो. मी तीनलाच गेटवर येऊन थांबतो. त्या कागदावर नऊ नंबरपुढं बेंचवरच्या त्या अठरा वर्षांच्या पोराचं नाव लिहा. गुडघा गेलेल्या पोराला मी माझ्या गाडीतनं आणणार आहे, पाय लांब करून बसता येईल अशी पायऱ्यांच्या सगळ्यात खालच्या ओळीत, कोपऱ्याची जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवा. तो येतो म्हणालाय.

तुमचाच,
1994 ते 2001 चा डावा विंगर